हेन्री कॅव्हेंडिश

हेन्री कॅव्हेंडिश (जन्म : १० ऑक्टोबर १७३१, नीस, मृत्यू : २४ फेब्रुवारी १८१०, क्लॅपहॅम, लंडन) हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. हायड्रोजन वायूचा अभ्यास, पाण्याची घटना आणि पृथ्वीच्या सरासरी घनतेचे मापन ही त्यांची प्रमुख कामे होत. दोन वस्तूंमधील गुरुत्वाकर्षण त्यांच्या वस्तुमानांवर व त्यांमधील अंतरावर अवलंबून असते, हे आयझॅक न्यूटन यांनी ग्रहगोलांच्या गतीवरून सिद्ध केले होते. परंतु खोलीत मावणाऱ्या दोन शिशाच्या गोळ्यांमधले तेच बल प्रत्यक्ष मोजून त्यावरून पृथ्वी तोलण्याचे काम कॅव्हेंडिश यांनी १७९७-९८ मध्ये केले.

घराणे आणि शिक्षण

कॅव्हेंडिश हे इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत व सत्ताधारी सरदार घराण्यांपैकी एक. हेन्री यांचे वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे डेव्हनशरच्या दुसऱ्या ड्यूकचे पुत्र, तर आई लेडी ॲन ग्रे ही केंटच्या ड्यूकची कन्या होती. हेन्री यांचा जन्म झाला तेव्हा हे दांपत्य नीस येथे राहत होते. हे शहर त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे. धाकटा मुलगा फ्रेडरिक याच्या जन्मानंतर थोड्याच काळात, १७३३ मध्ये, लेडी ॲन यांचे निधन झाले. दोन्ही मुलांना वडिलांनीच वाढवले.

हेन्री यांचे शालेय शिक्षण लंडनजवळील हॅकनी येथील खाजगी शाळेत झाले. पुढे ते केंब्रिज विद्यापीठाच्या पीटरहाउस महाविद्यालयात दाखल झाले, पण पदवी न घेताच तेथून बाहेर पडले. त्या काळी सरदारपुत्रांच्या बाबतीत यात वावगे काही मानले जात नसे. त्यांचे खरे शिक्षण घरीच झाले असे म्हणावयास हरकत नाही. लॉर्ड चार्ल्स हे स्वतः कसबी प्रयोगकर्ते होते. दिवसातील सर्वाधिक व सर्वांत कमी तापमान आपोआप नोंदवणारे तापमापक त्यांनी तयार केले होते आणि त्याबद्दल १७५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले होते. उपकरणावर आंधळा विश्वास न ठेवता आधी त्याचीच परीक्षा घ्यावी, ही सवय मुलाला वडिलांकडूनच लागली असावी. १७६० मध्ये हेन्री रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

स्वभाव व राहणी

वडील असेपर्यंत हेन्री त्यांच्यासोबत लंडनमध्ये राहत आणि मोजक्या खर्चात भागवत. १७८३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर व इतर वारसाहक्कांमुळे त्यांच्याकडे प्रचंड संपत्ती आली. मृत्युसमयी बँक ऑफ इंग्लंडमध्ये सर्वाधिक ठेव असणारे ते खातेदार होते. परंतु पैशाचा विचार त्यांच्या मनाला फारसा शिवलाच नाही. अंगावर विटलेला जांभळा कोट आणि डोक्यावर जुन्या धाटणीची तिकोनी टोपी हा त्यांचा नेहमीचा वेष असे.

ते कमालीचे लाजरे होते. अनोळखी माणसांशी, विशेषतः स्त्रियांशी, बोलणे त्यांना जवळजवळ अशक्य होत असे. स्वयंपाक व घरकाम करणाऱ्या स्त्रियांना ते चिठ्ठी लिहून सूचना देत आणि त्यांची गाठ पडू नये म्हणून घराला मागच्या बाजूने वेगळा जिना बांधून घेतला होता, असे सांगितले जाते. त्यांनी विवाह केला नाही. चित्रासाठी कोणापुढे बसणेही त्यांना मानवले नसते. विल्यम अलेक्झांडर या चित्रकाराने त्यांच्या नकळत काढलेले एकच चित्र आज उपलब्ध आहे. असे असले तरी त्यांना एकांतवासी म्हणणे बरोबर नाही. रॉयल सोसायटीच्या सभांना व तिच्या मंडळींच्या साप्ताहिक भोजनाला ते नेमाने जात, तिच्या समित्यांवर काम करीत. आपले मोठे ग्रंथालय त्यांनी इतर अभ्यासकांना खुले केले होते आणि स्वतः त्यातून पुस्तक नेतानाही ते रीतसर नोंद करीत.

वायू, पाणी आणि विद्युत

१७६६ मध्ये त्यांनी कृत्रिम रीतीने तयार केलेल्या वायूंवरील निबंध प्रसिद्ध केले. धातूंवर आम्लाची क्रिया होऊन निघणारी ज्वालाग्राही हवा हा एक स्वतंत्र वायू आहे, हे त्यांनी त्यात दाखवले. पुढे लाव्हाझ्ये यांनी या वायूला हायड्रोजन हे नाव दिले. या कामाबद्दल वडिलांप्रमाणे त्यांनाही कॉप्ली पदक मिळाले. १७८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी ही ज्वालाग्राही हवा व आज आपण ज्याला ऑक्सिजन म्हणतो तो वायू यांच्या मिश्रणात ठिणगी पाडून शुद्ध पाणी मिळवले. दोन हजार वर्षे मूलतत्त्व मानले गेलेले पाणी संयुग ठरले. मात्र कॅव्हेंडिश यांनी याचे स्पष्टीकरण जुन्या फ्लॉजिस्टन सिद्धांताच्या भाषेतच केले.

१७८५ मध्ये हवेतील सर्व नायट्रोजन रासायनिक क्रियेने काढून टाकण्याचा प्रयत्न करताना त्यांच्याजवळ एक लहानसा बुडबुडा उरला. नायट्रोजनच्या फार तर एकशेविसाव्या भागाएवढा हा अवशेष काही केल्या नाहीसा होईना. त्यांनी त्याचे माप प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. १८९४ मध्ये रॅली व रॅम्झी यांनी ऑरगॉन या वायूचा शोध लावला, तेव्हा त्या बुडबुड्यात काय होते हे उलगडले.

विद्युतविषयक त्यांचे बरेचसे काम अप्रकाशित राहिले. त्यातील एक प्रयोग येथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा पाया गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच आहे. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर पोकळ गोलाच्या आत त्याच्या कवचामुळे कोठेही बल जाणवत नाही, असे न्यूटन यांनी गणिताने दाखवले होते. कॅव्हेंडिश यांनी १७७२-७३ च्या सुमारास एका गोलाभोवती दोन अर्धगोल बसवून बाहेरील कवच विद्युतभारित केले आणि आतील गोल त्याला जोडून पाहिला. आतील गोलावर विद्युतभार सापडला नाही. यावरून विद्युतबलाच्या नियमातील अंतराचा घातांक २ पासून पन्नासाव्या भागाहून अधिक ढळलेला असू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कूलॉम यांनी हाच नियम १७८५ मध्ये जाहीर केला. कॅव्हेंडिश यांची टिपणे तोवर त्यांच्या कपाटातच होती.

पृथ्वीचे वजन : प्रश्न काय होता

न्यूटन यांच्या नियमानुसार प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. हे बल दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात असते; एक वस्तुमान दुप्पट केले की बल दुप्पट होते, दोन्ही दुप्पट केली की चौपट. अंतराचा परिणाम याच्या उलट व अधिक तीव्र असतो. अंतर दुप्पट झाले की बल एकचतुर्थांश होते, तिप्पट झाले की एकनवमांश. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट अंतरावर आहे. त्यामुळे तेथे पृथ्वीचे आकर्षण पृष्ठभागावरील आकर्षणाच्या ३,६०० व्या भागाएवढे असावयास हवे आणि चंद्राची गती नेमकी तशीच आढळते. हे अंतर पृष्ठभागापासून नव्हे तर केंद्रापासून मोजावयाचे असते, कारण गोलाचे सर्व वस्तुमान जणू केंद्रातच एकवटले आहे अशा रीतीने तो बाहेरील वस्तूंना ओढतो.

या नियमातून मिळत होती ती केवळ प्रमाणे. गुरू पृथ्वीपेक्षा किती पट जड किंवा सूर्य किती पट जड, हे सांगता येई. पण पृथ्वी स्वतः किती जड, हे सांगता येत नसे. झाडावरून पडणाऱ्या फळावरील बल ठाऊक होते, पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर ठाऊक होते, परंतु पृथ्वीचे वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षणाची मूळ तीव्रता या दोन अज्ञात राशी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या सोडवण्याचा मार्ग एकच होता. ज्याचे वस्तुमान आधीच माहीत आहे अशा एखाद्या वस्तूचे आकर्षण मोजून त्याची पृथ्वीच्या आकर्षणाशी तुलना करावयाची.

प्रथम लोकांनी यासाठी डोंगर निवडले. डोंगराशेजारी टांगलेला ओळंबा डोंगराकडे किंचित झुकला पाहिजे. १७३८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बुगेर यांनी दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर असा प्रयत्न केला होता. १७७४ मध्ये राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधील शिहॅलियन या सुट्या व बऱ्याच सममित डोंगराच्या उत्तर व दक्षिण अंगांना ताऱ्यांचे वेध घेतले आणि दोन्ही बाजूंचे झुकणे मिळून सुमारे ११.६ विकला भरते असे दाखवले. एका अंशाचे ३,६०० भाग केले असता एक भाग म्हणजे एक विकला, यावरून या मापनाच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. या कामासाठी रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीत कॅव्हेंडिश होते व पूर्वतयारीतील बरेचसे गणित त्यांचेच होते. चार्ल्स हटन यांनी डोंगराच्या आकाराचा हिशेब मांडून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट काढली.

या पद्धतीतील अडचण उघड आहे. डोंगराच्या पोटात कोणता खडक आहे आणि त्याची घनता किती, हे बाहेरून कळत नाही. पुढे १९ व्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाच्या बाबतीत हाच अनुभव आला. ओळंबा जेवढा झुकावयास हवा होता त्याहून बराच कमी झुकत होता, आणि कोलकात्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी त्यावर केलेल्या गणितातून भूकवचाच्या समतोलाची कल्पना पुढे आली. कॅव्हेंडिश यांना हवी होती ती आतून-बाहेरून ज्ञात असलेली वस्तू.

जॉन मिचेल यांचा तराजू

ती कल्पना मुळात त्यांची नव्हती. यॉर्कशरमधील थॉर्नहिल येथील धर्मोपदेशक जॉन मिचेल हे कॅव्हेंडिश यांचे स्नेही होते. भूकंपाच्या लहरी, जोडतारे, तसेच ज्याच्या आकर्षणातून प्रकाशही निसटू शकणार नाही असा तारा, अशा विषयांवर त्यांनी आपल्या काळाच्या फार पुढे जाऊन लिहिले होते. बारीक तारेने मध्यावर टांगलेली आडवी दांडी, तिच्या दोन टोकांना लहान गोळे आणि त्यांच्या शेजारी आणून ठेवलेले मोठे गोळे, असा पिळाचा तराजू मिचेल यांनी योजला होता. नेहमीच्या तराजूची दांडी वर-खाली होते व तिच्यावर पृथ्वीचे प्रचंड आकर्षण सतत काम करीत असते. आडवी टांगलेली दांडी मात्र डावी-उजवीकडे फिरते. तिला विरोध होतो तो फक्त तारेच्या पिळाचा, आणि लांब बारीक तारेचा पीळ अतिशय हलका असतो. त्यामुळे नगण्य बलानेही ती वळते.

उपकरण पुरे होता होता १७९३ मध्ये मिचेल यांचे निधन झाले. प्रयोग करण्यास त्यांना सवड मिळाली नाही. ते उपकरण केंब्रिजचे प्राध्यापक फ्रान्सिस वॉलस्टन यांच्यामार्फत कॅव्हेंडिश यांच्याकडे आले. त्यांनी त्याचे बहुतेक भाग नव्याने करून घेतले, परंतु आपल्या निबंधाच्या आरंभीच कल्पनेचे श्रेय मिचेल यांना दिले. आज हा प्रयोग एकट्या कॅव्हेंडिश यांच्या नावाने ओळखला जातो, हे मिचेल यांच्यावर अन्याय करणारे आहे.

क्लॅपहॅमचा प्रयोग

हा प्रयोग कॅव्हेंडिश यांच्या क्लॅपहॅम येथील घराच्या आवारातील एका बंद खोलीत झाला. त्या वेळी त्यांनी वयाची पासष्टी गाठली होती. तराजूची लाकडी दांडी ६ फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर लांब होती. तिच्या टोकांना टांगलेले शिशाचे लहान गोळे २ इंच व्यासाचे असून प्रत्येकाचे वस्तुमान सुमारे ०.७३ किलोग्रॅम होते. मोठे शिशाचे गोळे १२ इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोग्रॅमचे होते. मोठा व लहान गोळा जवळ आणल्यावर त्यांच्या केंद्रांमधील अंतर साधारण ९ इंच राही. मोठे गोळे दांडीच्या दोन टोकांशी विरुद्ध बाजूंना ठेवले जात, म्हणजे दोघांची ओढ दांडीला एकाच दिशेने वळवी. नंतर ते फिरवून पलीकडच्या बाजूंना नेले जात व दांडी उलट दिशेने वळे. या दोन स्थितींमधील फरक हे मोजावयाचे माप.

मोठ्या गोळ्याची ओढ लहान गोळ्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाच कोटींव्या भागाएवढी होती. एवढ्या क्षीण बलाला सर्वांत मोठा शत्रू हवेचा. गोळ्याच्या एका बाजूची हवा किंचित गरम झाली की ती वर चढते, प्रवाह सुरू होतो आणि दांडीला लागणारा तो धक्का गुरुत्वाकर्षणालाही मागे टाकू शकतो. खोलीत माणूस उभा राहिला तरी त्याच्या अंगाची ऊब पुरेशी होती. म्हणून कॅव्हेंडिश यांनी तराजू महोगनी लाकडाच्या पेटीत बंद केला, खोलीचे दार लावून घेतले आणि मोठे गोळे बाहेरून दोर व कप्पीच्या साहाय्याने फिरवण्याची सोय केली. भिंतींना पाडलेल्या छिद्रांत दुर्बिणी बसवल्या होत्या. त्यांतून दिव्याच्या उजेडात दांडीच्या टोकाजवळची हस्तिदंती पट्टी वाचली जाई. इंचाच्या शंभराव्या भागापर्यंतचे सरकणे तिच्यावर ओळखता येत असे.

दांडी कधी पूर्ण स्थिर होत नसे. ती अत्यंत संथपणे झोके घेत राही. तिची टोके ज्या बिंदूंपर्यंत जात त्यांच्यावरून मधला स्थिरबिंदू काढला जाई. याच झोक्यांच्या कालावधीवरून तारेचा पीळ किती कठीण आहे हेही कळे, त्यामुळे तो वेगळा मोजण्याची गरज पडली नाही. गोळे शेजारी आणल्यानंतर काही वेळ आकर्षण वाढत असल्याचे दिसले, तेव्हा कॅव्हेंडिश तेथेच थांबले. लोखंडी भागांच्या चुंबकत्वाचा संशय त्यांनी तपासून दूर केला. मग गोळे व पेटी यांच्या तापमानातील फरकाकडे ते वळले. गोळ्यांखाली दिवे ठेवून व नंतर बर्फाने ते थंड करून त्यांनी तो परिणाम मुद्दाम वाढवून पाहिला आणि दोष हवेचाच असल्याची खात्री करून घेतली. दूरच्या गोळ्याची उलटी ओढ, दांडीवरील ओढ, इतकेच नव्हे तर महोगनीच्या पेटीचे स्वतःचे आकर्षण, या सर्वांचा हिशेब त्यांनी मांडला. अखेरच्या काही निरीक्षणांत सोसायटीचे लिपिक जॉर्ज गिल्पिन यांना दुर्बिणीपाशी बसवून निरीक्षक बदलल्याने फरक पडतो का, हेही त्यांनी पाहिले. हा निबंध वाचताना लक्षात राहतात ती त्यातील शंकांचीच पाने.

निष्कर्ष

२१ जून १७९८ रोजी हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचे त्यात म्हटले होते. सरासरी काढताना अंकगणितात एक चूक झाली होती, ती पुढे फ्रान्सिस बेली यांनी दाखवली. कॅव्हेंडिश यांच्याच आकड्यांवरून योग्य उत्तर ५.४५ येते. आजचे मान ५.५१ आहे. पृष्ठभागावरील सामान्य खडकांची घनता याच्या जवळपास निम्मी असल्याने पृथ्वीच्या पोटात फार जड पदार्थ असला पाहिजे, हे यातून उघड झाले. पृथ्वीची घनता पाण्याच्या पाच ते सहा पट असावी असा न्यूटन यांचा अंदाज होता. तो खरा ठरला.

या मोजमापामागील तर्क साधा आहे. मोठ्या गोळ्याचे केंद्र लहान गोळ्यापासून सुमारे २२.५ सेंटिमीटरवर होते, तर पृथ्वीचे केंद्र सुमारे ६,३७१ किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ २ कोटी ८३ लाख पट दूर. पृथ्वीचे सर्व वस्तुमान जर शिशाच्या गोळ्याइतके जवळ असते, तर तिची ओढ या संख्येच्या वर्गाने वाढली असती. इतक्या दूर असूनही ती गोळ्याच्या ओढीपेक्षा सुमारे पाच कोटी पट जोरदार आहे. या दोन्ही गोष्टींचा मेळ घातला, म्हणजे १५८ किलोग्रॅमला अंतरांच्या गुणोत्तराच्या वर्गाने व नंतर बलांच्या गुणोत्तराने गुणले, की पृथ्वीचे वस्तुमान मिळते. ते ६ या अंकापुढे २४ शून्ये मांडून होईल इतके किलोग्रॅम आहे.

कॅव्हेंडिश यांनी गुरुत्वाकर्षणाचा वैश्विक स्थिरांक मोजला, असे शालेय पुस्तकांत हमखास लिहिलेले असते. त्यांच्या निबंधात हा स्थिरांक कोठेही नाही. न्यूटनचा नियम स्थिरांक घालून समीकरणाच्या रूपात लिहिण्याची पद्धत १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. त्यांच्या निरीक्षणांवरून आज स्थिरांक काढला तर तो आधुनिक मानापासून सुमारे एक टक्क्याने ढळतो, ही गोष्ट मात्र खरी आहे. जवळजवळ शतकभर यापेक्षा फार चांगले मापन कोणाला साधले नाही; १८९५ मध्ये चार्ल्स बॉइज यांनी क्वार्ट्झच्या तंतूवर लहानसा तराजू टांगून ते साध्य केले. निसर्गातील मूलभूत स्थिरांकांपैकी आजही हाच सर्वांत कमी अचूकतेने ज्ञात आहे, कारण नियम तोच आहे आणि बलही तेवढेच क्षीण आहे.

अखेर व अप्रकाशित लेखन

१८०३ मध्ये फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले.  २४ फेब्रुवारी १८१० रोजी क्लॅपहॅमच्या घरी त्यांचे निधन झाले. डर्बी येथील ऑल सेंट्स चर्चमध्ये, घराण्याच्या दफनस्थळी, त्यांचे दफन झाले. त्याच घराण्यातील डेव्हनशरच्या सातव्या ड्यूकने दिलेल्या देणगीतून केंब्रिज येथे कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली व १८७४ मध्ये सुरू झाली.

या प्रयोगशाळेचे पहिले प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतील बराच काळ कॅव्हेंडिश यांची विद्युतविषयक हस्तलिखिते तपासण्यात घालवला आणि १८७९ मध्ये ती संपादित करून प्रसिद्ध केली. उरलेले कागद १९२१ मध्ये छापले गेले. त्यांत एका सुट्या टिपणात, एखाद्या मोठ्या वस्तूजवळून जाणारा प्रकाशकिरण तिच्या आकर्षणाने किती वाकेल याचे गणित कॅव्हेंडिश यांनी करून ठेवलेले आढळले. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश खरोखरच वाकतो, हे त्याआधी दोनच वर्षे, १९१९ च्या सूर्यग्रहणात, दिसून आले होते. मात्र ते वाकणे न्यूटनच्या नियमातून निघणाऱ्या उत्तराच्या दुप्पट होते.